दसऱ्याचा कागद

कोरा कागद चिमट्याने उचलायचा, बोटांनी कधीच नाही. नोकरीच्या सुरुवातीला मला शिकवलं ते एवढंच. बोटांना तेल असतं, घाम असतो, सकाळी लावलेल्या कुंकवाचा एखादा कण असतो. ते कागदावर उतरलं की हवेच्या नावावर जमा होतं, आणि हवा बिचारी खुलासा करायला येत नाही.

मी हवा मोजते. म्हणजे शहराच्या हवेत तरंगणारी धूळ कागदावर पकडायची, आणि त्या धुळीत शिसं किती, निकेल किती, कॅडमियम किती हे शोधून काढायचं. आमची खाजगी प्रयोगशाळा आहे. कोणी कंत्राट दिलं की आमचं यंत्र एखाद्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन बसतं. यंत्र म्हणजे कमरेएवढं उंच पत्र्याचं खोकं, वर दोन्ही बाजूंना उतरतं छप्पर. छपराखाली वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा पांढरा कागद, काचेच्या तंतूंचा. खाली मोटर. ती दिवसभर एकसुरी घुमत हवा ओढत राहते, जेवून आडवं झालेल्या माणसाच्या श्वासासारखी. सकाळी लावलेला कागद दुसऱ्या सकाळी काढायचा. तोपर्यंत त्या वस्तीचा एक अख्खा दिवस त्याच्यावर येऊन झोपलेला असतो.

मला ते कागद बघायला फार आवडायचं. खरं सांगायचं तर अजूनही आवडतं. गिरगावचा कागद रेशमी करडा, जुन्या फोटोच्या मागच्या बाजूसारखा. वरळीचा थोडा ओलसर, मिठाने जड. लालबागचा कागद एरवी काळपट, पण गणपतीच्या कारखान्यांत फवाऱ्याने रंग मारायला सुरुवात झाली की त्याच्यावर अगदी हलकी गुलाबी झाक यायची. एका मूर्तिकाराला मी ती दाखवली होती. तो कागदावर वाकून म्हणाला, "मॅडम, आमचा रंग मापात बसत नाही म्हणून मालक ओरडतो. तो इथे येतो होय."

गिरगावात गच्चीची किल्ली ज्यांच्याकडे होती ते अण्णा कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. मी दिसले की कठड्याला टेकून विचारायचे, "काय, काल आम्ही काय खाल्लं?" शेजारच्या गल्लीत सोनारांच्या पेढ्या, त्यामुळे दुसरा प्रश्न ठरलेला, "सोनं सापडलं का?" सोनारांच्या दुकानातली केरमाती विकत घेऊन, धुऊन, तिच्यातले सोन्याचे कण काढणारे झारेकरी त्या भागात असत. अण्णा म्हणायचे, "खाली ते, वर तुम्ही. दोघंही धूळच धुता. फरक एवढाच की त्यांना काहीतरी मिळतं."

आम्हाला मिळायचं ते असं. कागदाचे तुकडे आम्लात उकळायचे, गाळायचे, आणि ते पाणी एका ज्योतीत फवारायचं. ज्योतीपलीकडे एक दिवा असतो. शिसं शोधायचं असेल तर दिवाही शिशाचाच लावायचा. त्या दिव्यातून निघणारा प्रकाश दुसरा कुठलाही धातू गिळत नाही, फक्त शिसंच गिळतं. प्रकाश जितका कमी पोचला तितकं शिसं जास्त. इतकी वर्षं हे करते आहे, तरी प्रत्येक वेळी मला वाटतं की अंधाऱ्या खोलीत कोणीतरी आपल्याच माणसाला हाक मारतंय, आणि ओ येईपर्यंत आपण थांबलोय.

ह्या अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतल्या गमती लिहा असं सांगितलं होतं. त्या आणखीही आहेत. पण मला लिहायचं आहे ते सानिकाबद्दल. ती आता नववीत आहे आणि स्वतःला मठ्ठ समजते. ती अशी का झाली असेल याचं एक उत्तर, ती बालवाडीत होती तेव्हाच मला ठाऊक होतं, आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. हे तिला विचारून लिहिते आहे. नाव बदललंय. नवं नाव तिनेच निवडलं.

यंत्र तेव्हा लालबागच्या एका चाळीच्या गच्चीवर ठेवायचं होतं. गच्चीच्या दाराला लागून जी खोली होती ती सुमनकाकींची, सानिकाच्या आजीची. काकींचे यजमान गिरणीत होते, गिरणीबरोबर तेही संपले. काकी मालवणकडच्या, आणि त्यांच्या बोलण्यातून मालवण कधी गेलं नाही. पहिल्या दिवशी मी यंत्र जोडत होते तर मागे कमरेवर हात ठेवून उभ्या.

"ह्या काय गो बाय? काय करतंस?"

"हवा मोजते, काकी."

"वारो मोजतंस? आणि वारो मोजून कोणाचा पोट भरता?"

"माझं भरतं."

"मगे जेवलंस काय?"

जेवले नव्हते. त्यानंतर त्या चाळीत गेले आणि न जेवता परतले असं फारसं झालं नाही. बांगड्याचं तिखलं, सोलकढी, उकड्या तांदळाचा भात. माझी आई आदल्या वर्षी गेली होती, दादरच्या घरात मी एकटीच होते. जेवलीस का असं विचारणारं कोणी राहिलं नव्हतं. हे लिहायला मला संकोच वाटतो, पण पुढचं सगळं ह्याच्यावरच उभं आहे.

सानिकाची आई हिंदमाताला साडीच्या दुकानात कामाला. ती सकाळी जाई ते दिवेलागणीला येई. वडील दत्ताराम कुठल्याशा कंपनीच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते, त्यांची नोकरी नुकतीच गेलेली. त्यामुळे पोर दिवसभर आजीच्या पायात. तिला माझ्या यंत्राचं भारी आकर्षण. खोक्याला कान लावून ती मला विचारायची, "ही झोपलीय का?" मी म्हणायचे, "हो, हळू बोल." मग ती दबक्या पावलांनी यंत्राभोवती फिरायची आणि शेवटी त्या गरम पत्र्याला पाठ टेकून स्वतःच झोपायची. दुपारची गच्ची, वाळत घातलेल्या चादरी, वर घारी, आणि त्या दोघी एकमेकींना टेकून श्वास घेताहेत. माझ्या सगळ्या नोकरीतलं मला स्वप्नात दिसतं ते हे एवढंच.

दसऱ्याला सकाळी कागद बदलायला गेले तर यंत्राला झेंडूची माळ. दाराशी आपट्याची पानं, पत्र्यावर हळदकुंकवाची बोटं, आणि छपराला मारुतीला फासावा तसा शेंदूर.

"काकी, हे काय केलंत?"

"दसरो आसा आज. घराघरात हत्यारा पूजतत. ह्येका एकट्याक कित्याक वगळू?"

"अहो, पण शेंदूर?"

"देवळासारख्या दिसता ता, म्हणान लावलंय. तुझो वारो काय बाटता काय त्येना?"

मला हसू आलं. सवयीने मी छपरावरचा चिमूटभर शेंदूर खरवडून कागदाच्या पुडीत घेतला, यंत्र पुसलं आणि नवीन कागद लावला. खाली मागच्या बोळात दत्ताराम कसलीशी नारळ-उदबत्ती करत होते. त्यांनी वर बघून हात केला. मीही केला.

त्या दिवसाच्या कागदाने शिशाचा दिवा जवळजवळ गिळून टाकला. आधीचे सगळे कागद साधे, लालबागला शोभतील असे, आणि हा एकदम असा.

सरांना दाखवलं. आमचे सर अतिशय काटेकोर, मनाने चांगले. ते म्हणाले, "नीलिमा, शेंदूर म्हणजे काय?"

"शिशाचाच ऑक्साइड, सर."

"मग झालं तर. देवाचं शिसं देवाला परत. नमुना रद्द कर."

मी रद्द केला. दसऱ्याचा कागद दूषित, कारण शेंदूर. पण पुढच्या फेरीचा कागद तसाच आला. सर म्हणाले, खोक्याच्या सांध्यांत बसला असेल, नीट पुसून काढ. मी यंत्र सगळं सुटं करून पुसलं. तरी पुढचा कागद तसाच. तेव्हा मला ती पुडी आठवली.

पुडीतला शेंदूर मी कोणाला न सांगता विरघळवला आणि दिव्यासमोर धरला. शिसं दाखवणारी रेघ हललीसुद्धा नाही. बाजारात हल्ली शेंदूर म्हणून मिळतं त्यात कित्येकदा शिसं नसतंच, ती नुसती रंगवलेली खडूची भुकटी असते. काकींनी यंत्राला फासली होती तीही तशीच. म्हणजे शिसं देवाचं नव्हतं. ते हवेतच होतं, आणि त्या दिवसापासून होतं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर न जाता मी मागच्या बोळात गेले. तिथे पत्र्याची नवी शेड. आत विटांची चूल, तिच्यावर लोखंडी कढई, आणि कढईत चंदेरी, आरशासारखं काहीतरी निवांत हलत होतं. दत्तारामांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर धंदा सुरू केला होता. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचं आणि साच्यात ओतून मासेमारीच्या जाळ्यांना लावायच्या गोळ्या करायच्या. वरळीचे कोळी घेऊन जायचे. एकाच दसऱ्याला वर गच्चीत माझ्या यंत्राची पूजा झाली होती आणि खाली त्यांच्या कढईची. मी दोन्ही बघितल्या होत्या, आणि मला दिसली होती फक्त वरची.

ते खुशीत होते. "या मॅडम, बघा. कोणाची चाकरी नाही आता. बायकोला म्हटलं, दोन वर्षं कळ काढ."

काकींनी वरून पेढ्याचा डबा पाठवला होता, तो त्यांनी माझ्यापुढे धरला. मी पेढा घेतला. शेडच्या कडेला सानिका बसली होती. शिशाचा एक तुकडा हातात धरून ती लादीवर अ, आ गिरवत होती. शिशाने लादीवर छान काळसर रेघ उठते. अक्षर चुकलं की बोट जिभेला लावायची आणि पुसायची. पुन्हा काढायची. पुन्हा बोट जिभेला.

"मॅडम, एक विचारू?" दत्ताराम म्हणाले. "ह्या धुराचं काय नाही ना? तुम्ही ह्यातल्या, म्हणून विचारतो."

माझ्या तोंडात पेढा होता. तो गिळेपर्यंत मला वेळ होता, आणि त्या वेळात मी काय विचार केला ते मला आजही नीट सांगता येत नाही. एवढं आठवतं की त्यांचा चेहरा फार उजळलेला होता.

"वारा आहे ना इथे," मी म्हणाले. "निघून जातो."

त्यांनी मान वर करून हाक दिली, "आये, मॅडम म्हणतात काय नाय."

मी सानिकाला म्हटलं, "जा, हात धुऊन ये." त्या दिवशी मी केलं ते एवढंच.

नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. आमचा अहवाल वर गेला असता तर शेड तोडायला माणसं आली असती, आणि मोठे कारखाने तसेच राहून हा एकटा माणूस उघड्यावर पडला असता. हे खोटं नव्हतं. दिवाळी होऊ दे, मग सांगू, असंही म्हटलं. पण तळाशी जे होतं ते फार लहान होतं. मी बोलले असते तर त्या घरातलं माझं पान उठलं असतं.

सर कागदांबद्दल पुन्हा विचारायला लागले तेव्हा मी त्यांना सुचवलं की रहिवासी यंत्राची पूजाअर्चा करतात, ती जागा योग्य नाही. त्यांना पटलं. यंत्र परळच्या एका इमारतीवर गेलं. तिथले कागद साधे, शहाण्यासारखे. त्या बोळात काय जळतंय हे सांगू शकेल असा एकच साक्षीदार होता, आणि तो मी स्वतः दोन हमाल लावून खाली उतरवला. जाताना सानिकाने विचारलं, "तिला उठवलं का?"

त्यानंतर माझं जाणं कमी झालं. काकींचा फोन यायचा. "चेडवाच्या पोटात दुखता गो सारख्या. डॉक्टर म्हणतत जंत." मग कधी, "रगात कमी आसा म्हणतत." आणि मी सांगायचे, काकी तिला दूध द्या, लोहाच्या गोळ्या चुकवू नका, जेवायच्या आधी हात धुवायला लावा, बोळात खेळायला सोडू नका, गाड्या येतात. शिसं अंगात कमी भिनावं म्हणून जे सांगतात तेच मी सांगत होते. उपाय बरोबर होते. फक्त आजाराचं नाव मी घेत नव्हते.

मग चाळ पुनर्विकासाला गेली. शेड गेली, बोळही गेला, सगळी माणसं अँटॉप हिलच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांत पांगली. ऐकून मला हलकं वाटलं. मी जे बोलू शकले नाही ते बुलडोझरने उरकलं, असं काहीसं.

ह्या वर्षी उन्हाळ्यात मी साडी घ्यायला हिंदमाताला गेले होते. काउंटरमागे सानिकाची आई, आणि दुकानाच्या कोपऱ्यात स्टुलावर काकी. म्हाताऱ्या झालेल्या, पण नजर तीच.

"बाय गो. अजून वारोच मोजतंस?"

"अजून वाराच, काकी."

"जेवलंस काय?"

मग त्यांनी सानिकाचं काढलं. "नववीक आसा. पण डोक्यात काय रवना नाय. धा वेळा सांगितला तरी इसारता. बापूस बोंब मारता. तू शिकलेली, जरा बघशीत काय तिच्याकडे?"

असं ती रविवारी माझ्याकडे यायला लागली. अँटॉप हिलहून बसने दादरला, पाठीला दप्तर, केसांना घट्ट वेणी. उंच झालेली, हसरी. तिला समजायचं सगळं. राहायचं नाही. गणित सोडवता सोडवता ती मधेच थांबायची आणि तिच्या चेहऱ्यावर एक विचित्र शांतता यायची, आपल्याच घराच्या दारात उभं राहून कुठलं घर म्हणून बघावं तशी. मग हसून म्हणायची, "मावशी, मी मठ्ठ आहे ना, मला परत सांगायला लागतं." आपलं नाव किंवा पत्ता सांगावा तितक्या सहज.

एकदा म्हणाली, "बाबा म्हणतात, आमच्या घराण्यात असं कोणीच नव्हतं, तूच कशी निघालीस."

मी ओळखीच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, रक्तातलं शिसं ओसरतं, इतक्या वर्षांनी रक्त तपासून फारसं कळणार नाही. हाडांत राहतं ते राहतं. आणि एका मुलीच्या विसराळूपणाला शिसंच कारण आहे असं कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. कारणं हजार असतात. म्हणजे पुरावा नव्हता. आयुष्यभर पुराव्यावर जगलेल्या माझ्यासारखीला ह्याच्याइतकी सोयीची गोष्ट नव्हती. मी ती घेऊन घरी आले आणि दोन-तीन रविवार त्या सोयीवर काढले. पण दर रविवारी सानिका ते वाक्य म्हणायचीच, मी मठ्ठ आहे ना. आणि मी तिला पुन्हा समजावून सांगायचे, तेच गणित, गोड आवाजात.

शेवटी एका रविवारी दत्ताराम तिला न्यायला आले. मी चहा दिला. कप उचलताना त्यांनी दुसऱ्या हाताचा आधार घेतला. मनगट खाली पडत होतं. "हे असंच झालंय हल्ली," ते म्हणाले. "मणक्याचं असेल." शिसं अंगात भिनलं की मनगट असं पडतं, हे मला माहीत होतं.

मी समोर बसले. सानिका तिथेच होती. तिला आत जा म्हणावं असं मनात आलं होतं, पण म्हटलं नाही.

"दत्ताराम, तुमच्या भट्टीतलं शिसं हवेत येत होतं. मला माहीत होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "कधीपासून?"

"पहिल्या दसऱ्यापासून. यंत्रात आलं होतं. मी यंत्रच हलवलं."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"शेडमध्ये उभ्या होतात तुम्ही. आयेने दिलेला पेढा खात होतात."

"हो."

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. मला वाटलं आता ओरडतील, आणि ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्ही बोलला असतात तर मी भट्टी बंद केली असती, असं काय मी सांगत नाय," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. घर त्याच्यावर चालत होतं. पण हिला तरी वर पाठवली असती ना मी, आयेकडे. एवढं तर केलं असतं."

एवढंही मी होऊ दिलं नव्हतं.

सानिका आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "म्हणजे मी लहानपणी ज्याने लिहायचे ते?"

"तेच. आणि त्याचा धूर. आणि जमिनीवरची धूळ."

"अजून आहे माझ्यात?"

"हाडांत थोडं असेल. तुझं विसरणं त्याच्यामुळेच आहे असं खात्रीने नाही सांगता येणार. पण असू शकतं. आणि ते तुला कोणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं."

तीच शांतता तिच्या चेहऱ्यावर आली, आणि मला वाटलं, गेलं, आता हेही हातातून सुटलं तिच्या. दत्ताराम चपला घालायला उठले. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, ती कढई तुम्ही कोणाला विकली?"

"कुठली कढई?"

"तीच. आणि साचे. आपण इकडे आलो तेव्हा विकली ना तुम्ही."

"महेशला. नाक्याच्या मागे शेड आहे त्याची."

"तिथे त्याची बायको बाळाला घेऊन बसते," सानिका म्हणाली. "मी रोज बघते शाळेत जाताना."

आम्ही दोघं मोठी माणसं. मला शिशाबद्दल सगळं ठाऊक होतं, त्यांना कढईबद्दल. आणि ह्या दोन गोष्टी जोडायला नववीतली ती मुलगी लागली, जिच्या डोक्यात काही राहत नाही.

आम्ही तसेच टॅक्सीने निघालो. दुपार कलली होती, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतींच्या भिंती पिवळ्या पडल्या होत्या, आणि उतरत्या उन्हात सगळीकडे ती बारीक सोनेरी धूळ तरंगत होती. जगातली सगळ्यात सुंदर वस्तू असल्यासारखी दिसते ती. इतकी वर्षं मी तिच्याकडे तसंच बघत आले.

शेड लहानशी होती. आतून पितळी स्टोव्हचा असावा तसा फुरफुर आवाज. महेश पाठमोरा, कढईवर वाकलेला. दाराशी त्याची बायको कोथिंबीर निवडत होती, आणि शेडच्या वाशाला जुन्या साडीची झोळी बांधून तिच्यात मूल निजवलं होतं. झोळीच्या कडा करड्या झाल्या होत्या.

त्या बाईने विचारलं, "कोण पाहिजे?"

माझ्या तोंडात सवयीची वाक्यं तयार होती. आम्ही अमुक ठिकाणाहून आलोय, आधी नमुना घेऊ, तपासू, मग सांगू. महिनाभर सहज गेला असता. सानिका माझ्याकडे बघत होती.

"बाळाला इथून उचला," मी म्हटलं. "ह्या धुरात शिसं आहे, जमिनीवर पण आहे. लहान मुलाच्या डोक्यावर परिणाम होतो त्याचा. आधी उचला, मग सगळं सांगते."

मी वेडी असल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने दत्तारामांकडे बघितलं, ते ओळखीचे होते.

"उचल गं," दत्ताराम म्हणाले. "माझी अशीच बसायची."

महेश जाळ बारीक करून बाहेर आला, काय झालं म्हणून विचारायला लागला. दत्ताराम त्याच्याशी बोलत राहिले, हळू आवाजात, आपलं पडलेलं मनगट दुसऱ्या हाताने उचलून त्याला दाखवत. त्या बाईने झोपलेलं मूल छातीशी घेतलं. सानिका तोवर रिकाम्या झोळीची गाठ सोडायला लागली होती, ती तिथून काढायचीच असं तिने ठरवलेलं दिसलं. गाठ जुनी, वजनाने आवळलेली. बोटांनी सुटेना तेव्हा तिने मान पुढे केली आणि ती दातांत धरायला गेली.

मी तिचं मनगट पकडलं. "दातांनी नको," मी म्हटलं.

मग मी बाजूला उभी राहून झोळीचा वरचा पदर सैल धरला, आणि ती नखांनी एकेक पीळ सोडवत गेली. बराच वेळ लागला.